आधी पेटी उघडा, मग पैशांचं बोला



गेल्या चैत्रात एका महिला भजनी मंडळाचा आपल्या रेडिओवर फोन आला. बोलणाऱ्या ताई म्हणाल्या, "आमची पेटी ऐका आधी," आणि त्यांनी फोन पेटीजवळ धरला. सूर कसला, नुसती फुसफुस. मध्येच एक पट्टी दाबली की शेजारची दोन माणसं भांडावीत तसा आवाज. मग मागून कुणीतरी हसलं, आणि ताई पुन्हा फोनवर आल्या. "दुरुस्त करावी की नवी घ्यावी? आमच्यात यावरून दोन तट पडलेत."

पेटी त्यांच्यातल्या एका वहिनींच्या आजेसासूबाईंची. अकरा पट्ट्या मुक्या, भाता उंदरानं कुरतडलेला. तालुक्याच्या कारागिरानं दुरुस्तीचे ६,९०० रुपये सांगितले होते. दुकानात नवी साधी पेटी १६,५०० ला मिळत होती. गटानं भजनासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते १८,०००, तेही लग्न-बारशाच्या भजनातून आणि दरमहा वीस-वीस रुपये काढून चार वर्षांत जमवलेले. तरण्या सुनांचं म्हणणं, जुन्यात पैसे कशाला घालायचे, नवीच आणू. वयस्कर बायकांचं म्हणणं, पैसे राहू द्या, आहे ती नीट करा. आणि आषाढी जवळ आलेली.

हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण माझे सासरे पेट्या दुरुस्त करायचे. लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा मला पेटी म्हणजे वरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या एवढंच ठाऊक. पुढं वीस वर्षं त्यांच्याजवळ बसून चामडं कापलं, नमदा चिकटवला, सूर घासले. आता ते नाहीत, हत्यारं माझ्याकडे आहेत.

पण त्याआधीची एक गोष्ट सांगते. मी शाळेत असताना माझ्या माहेरच्या मंडळाची पेटी अशीच बिघडली. मंडळातले दोघे जण ती घेऊन शहरात एका दुकानात गेले. दुकानदारानं वरवर पाहिलं आणि म्हणाला, हिच्यात आता काही राहिलं नाही, एक्सचेंजमध्ये द्या, नवीच्या किमतीत पाचशे कमी करतो. पाचशे सुटले म्हणून सगळे खूश. नवी पेटी लाखेसारखी चकाकत होती. दुसऱ्या पावसाळ्यात तिची फळी फुगली, आणि तिसऱ्या वर्षी ती देवळाच्या माळ्यावर गेली. लग्नानंतर मी ही हकीकत सासऱ्यांना सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं, "जुनी उघडून पाहिली होती का कुणी?" कुणीच नव्हती पाहिली. ती सागवानी होती आणि तिचे सूर जर्मन होते, हे माझ्या आजोबांच्या बोलण्यातून मला माहीत होतं. सासरे गप्प राहिले, पण त्यांचा चेहरा एखाद्याचं शेत मातीमोल भावात गेल्यासारखा झाला होता.

म्हणून त्या ताईंना मी सांगितलं, भाव नंतर बघू, आधी पेटी उघडू. मी येते.

आता उघडल्यावर काय दिसतं ते सांगते, म्हणजे कारागीर काय बोलतो ते तुम्हाला कळेल. आपण मागं हातानं जो पंखा हलवतो तो बाहेरचा भाता. तो हवा आत ढकलतो. आत पेटीच्या पोटात दुसरा भाता असतो, त्याला स्प्रिंगा लावलेल्या असतात. त्या दाब देतात म्हणून हवा एकसारखी सुटते, नाहीतर प्रत्येक झटक्याला सूर हिंदकळला असता. या पोटातल्या हवेच्या वर एक लाकडी फळी असते. तिला प्रत्येक पट्टीखाली भोक असतं आणि भोकावर चामडं लावलेली झडप. पट्टी दाबली की झडप उचलते, हवा वाट शोधत वर येते, आणि वाटेत तिला सूर भेटतो.

सूर म्हणजे पितळेची छोटी पाटी. काही जण रीड म्हणतात. पाटीला एक फट असते आणि त्या फटीवर पितळेचीच पातळ जीभ, एका टोकाला पक्की बसवलेली, दुसरं टोक मोकळं. हवा गेली की जीभ थरथरते, तोच आपला आवाज. जीभ लांब तर सूर खर्जातला, आखूड तर वरचा. आपल्याकडच्या पुष्कळ पेट्यांना ३९ किंवा ४२ पट्ट्या असतात. ४२ पट्ट्यांची दुहेरी सुरांची पेटी म्हणजे ८४ सूर, शिवाय नुसते धरून ठेवायचे चार-पाच वेगळे. हे सगळे त्या एका फळीच्या पोटाला लटकलेले.

आता यात काय बिघडलं तर भागतं आणि काय बिघडलं तर भागत नाही, ते बघा. भाता फाटणं दिसायला भयंकर, पण ते कापड, पुठ्ठा आणि चामडं यांचं काम आहे. नवा भाता बसतो. झडपांचं चामडं कडक होतं, उंदीर-झुरळं ते खातात. तेही बदलता येतं. स्प्रिंगा ढिल्या पडतात, नव्या घालतात. पट्टी मुकी झाली म्हणजे सूर मेला असं नव्हे. निम्म्या वेळा जिभेच्या फटीत धुळीचा एक कण अडकलेला असतो. मऊ ब्रशनं तो निघतो. तोंडानं फुंकू मात्र नका, वाफ जाते आणि पितळेवर कळंक चढतो.

लाकडाचं आणि सुरांचं तसं नाही. खोकं भुंग्यानं पोखरलेलं असेल, किंवा ती सुरांची फळीच तडकली-वाकली असेल, तर हवा एका भोकातून दुसऱ्यात शिरते. एक पट्टी दाबली की शेजारची आपोआप बोलते. अशी फळी बुजवून, घासून सरळ करणारे हात थोडे, आणि केली तरी पुढच्या पावसापर्यंत टिकेल याची खात्री कुणी देत नाही.

सुरांबद्दल एक गोष्ट फार कमी जणींना माहीत असते. पेटी बेसूर झाली की ट्यूनिंग करतात. म्हणजे काय करतात? जिभेचं पितळ घासतात. टोकाशी घासलं की टोक हलकं होतं आणि सूर चढतो. मुळाशी घासलं की जीभ लवचीक होते आणि सूर उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही. त्यामुळं ज्या पेटीला दरवर्षी कुणीतरी फिरस्ता येऊन "ट्यूनिंग" करून गेलाय, तिच्या जिभा ओरखड्यांनी भरलेल्या आणि पातळ झालेल्या असतात. एखादा सूर अचानकच उतरला असेल, तर बहुधा जीभ मुळाशी तडकलेली असते. ती घासून उपयोग नाही, थोड्या दिवसांत तुटतेच. तो सूर बदलावा.

जुन्या पेट्यांचं एवढं का, असं तरुण मुली विचारतात. पेटी मुळात इकडची नाही. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये पायानं भाता मारायची पेटी निघाली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ साली ती हातानं वाजवायची केली, म्हणजे मांडी घालून बसणाऱ्या माणसाला सोयीची. पुढं कितीतरी वर्षं इथल्या चांगल्या पेट्यांत सूर बसायचे ते जर्मनीहून आणि पॅरिसहून आलेले. त्या पितळाचा आवाज गोल आणि लवकर न उतरणारा. आज गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर चालतात, त्यातही चांगले असतात. पण नव्या स्वस्त पेटीत कुठले घातलेत ते बाहेरून कळत नाही. (आणि गंमत बघा, आज आपण रेडिओवर पेटीच्या गप्पा मारतोय, पण १९४० सालापासून पुढं तीस वर्षं आकाशवाणीवर याच पेटीला बंदी होती. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती जुळत नाहीत, असं त्या वेळच्या जाणकारांचं म्हणणं. देवळातल्या भजनानं ते काही मनावर घेतलं नाही.)

तर मी त्या गावी गेले. देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकली, सगळ्या बायका भोवती. आधी न उघडताच तपासलं. पुढची ओढायची बटणं, म्हणजे स्टॉपर, सगळे बंद केले आणि भाता भरला. चांगल्या पेटीत अशा वेळी हवा आतच कोंडून राहते, भाता हाताला घट्ट लागतो. इथं एका श्वासात रिकामा. कारण समोरच होतं, उंदरानं केलेलं भोक. ते हातानं दाबून धरायला एका काकूंना बसवलं. मग एक स्टॉपर उघडला, एकही पट्टी न दाबता हवा भरली. काही वाजलं नाही. मला इथंच बरं वाटलं, कारण फळी फुटलेली असती तर काहीतरी बोललंच असतं. मग फोनवर ऐकलेली ती भांडणारी पट्टी? ती पाहिली तर दोन पट्ट्यांच्या मधे मेणबत्तीचं मेण सांडून त्या चिकटल्या होत्या. एक दाबली की दुसरी खाली जायची. वाटतं त्याहून कारण किती साधं असतं बघा.

मग उघडली. सागवान. एका कोपऱ्यात जुना भुंगा, पण मेलेला, भुसा पडत नव्हता. फळीचे स्क्रू काढून ती अलगद उलटी केली. सुरांवर धूळ आणि थोडा कळंक, पण जिभांवर ओरखडे जवळजवळ नाहीत. म्हणजे कुणी फारसं घासलेलं नव्हतं. तीन सूर तडकलेले. अकरा मुक्या पट्ट्यांपैकी आठ नुसत्या धुळीनं मुक्या.

कारागिराचा हिशोब मी कागदावर वेगळा करून मागवायला लावला. भाता २,५००, झडपांचं चामडं आणि स्प्रिंगा १,८००, तीन नवे सूर ६००, साफसफाई आणि ट्यूनिंग २,०००. एकूण ६,९००. मला यात वावगं काही दिसलं नाही. हे काम मी स्वतः घेतलं नाही. सल्ला देणाऱ्यानं त्याच कामाचे पैसे घेऊ नयेत, असं सासरे म्हणायचे.

तिथं एक शिकलेली सून होती, तिनं चांगला मुद्दा काढला. "दुरुस्तीचा खर्च नवीच्या निम्म्याच्या आसपास गेला की नवी घ्यावी, असं म्हणतात ना?" मिक्सरला हा हिशोब ठीक आहे. पेटीला लावायचा तर नवी कुठली, ते आधी ठरवा. दुकानातली १६,५०० वाली प्लायवूडची होती. या सागवानी पेटीची बरोबरी करणारी नवी घ्यायची तर त्या पैशात येणार नव्हती. म्हणजे ६,९०० ची तुलना १६,५०० शी नव्हतीच.

हेच उलटंही होतं, आणि तिथं बायका जास्त फसतात. दुसऱ्या एका गावच्या गटानं मला गेल्या वर्षी बोलावलं होतं. पेटी फक्त सहा वर्षांची. देवळाच्या गळक्या छपराखाली ती भिजली होती. दुरुस्ती फक्त ४,०००, म्हणून सगळ्या दुरुस्तीच्या बाजूनं. उघडली तर प्लायवूडचे पापुद्रे सुटलेले, फळी वाकलेली, पट्टी न दाबता तीन सूर आपोआप बोलत होते. मी सांगितलं, हे चार हजार पाण्यात जातील, नवी घ्या. त्यांना ते आवडलं नाही. पेटीवर देणगीदाराचं नाव रंगवलेलं होतं, त्या घरच्यांना काय वाटेल ही खरी अडचण. शेवटी त्या घरच्या आजींनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव नव्या पेटीवर टाका, नाहीतरी हिच्यावरचं पुसलंयच." त्या गटाला जवळच्या शहरात एका बंद पडलेल्या मंडळाची चांगली वापरलेली पेटी मिळाली. हा तिसरा रस्ता विसरू नका. वापरलेली पेटीही मघाशी सांगितली तशीच तपासून घ्यायची.

नवी घ्यायला जाल तेव्हा जी वाजवणार आहे तिला बरोबर न्या. अध्यक्ष आणि सचिव गेल्या आणि वाजवणारी घरीच राहिली, असं मी पुष्कळदा पाहिलंय. दुकानदार जोरजोरात वाजवून दाखवतो, जोरात सगळ्याच पेट्या गातात. तुम्ही भाता अगदी हळू सोडा आणि खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबा. हळू हवेवर जो सूर उशिरा बोलतो तो पुढं त्रास देणार. मोबाइलवर तंबोरा लावून त्याच्याशी सूर जुळवून पाहा. खर्ज आणि नर अशा दुहेरी सुरांची पेटी भजनाला पुरेशी आहे. "जर्मन सूर आहेत" असं सांगितलं तर बिलावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर ते नाहीत असं समजून भाव करा.

स्केल चेंजरचा मोह फार. सगळ्या पट्ट्याच सरकवायच्या, म्हणजे बोटं तीच ठेवून काळी एकची काळी चार करता येते. मोठ्या कार्यक्रमात निरनिराळ्या गळ्यांना साथ करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण तो महाग, वजनाला जड, आणि सरकत्या भागामुळं दुरुस्तीचं काम वाढवणारा. एसटीतून, कधी डोक्यावरून पेटी नेणाऱ्या बायकांनी विचार करावा. बहुतेक मंडळातल्या बायका काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात. वाजवणारीनं त्या दोन पट्ट्यांत बोटं बसवली की झालं. दोन महिने लागतील, पैसे लागणार नाहीत.

आता त्या गावी परत येते, कारण खरी अडचण पुढंच होती. दुरुस्ती ठरली, सगळ्या खूश झाल्या, आणि मी विचारलं, "पेटी कुणाची?" एकदम शांतता. पेटी वहिनींच्या घरची, पैसे गटाचे. उद्या वहिनींच्या दिरांनी म्हटलं की आजीची आठवण आहे, आम्ही पुण्याला नेतो, तर ६,९०० कुणाचे गेले? वहिनींना वाईट वाटलं. "माझ्यावर विश्वास नाही का? घरातलं काय लिहून घ्यायचं?" मी म्हटलं, तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच आज लिहायचं, उद्या तुम्ही अडचणीत येऊ नये म्हणून. चहा झाला. वहिनींनी घरी फोन लावला, सासऱ्यांशी बोलल्या. मग इतिवृत्ताच्या वहीत ठराव झाला. पेटी घराची, वापर आणि सांभाळ मंडळाचा. घरच्यांना परत हवी झाली तर त्यांनी दुरुस्तीचे पैसे गटाला द्यायचे, दरवर्षी हजार रुपये वजा करून. सासऱ्यांनी संध्याकाळी येऊन सही केली. आणखी एक ओळ त्यांनीच घालायला सांगितली: पुरुषांच्या सप्ताहाला पेटी न्यायची तर मंडळाला विचारून न्यायची. त्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या.

उरलेले ११,१०० रुपये तसेच ठेवलेत. त्यातून एक जाड कापडाची खोळ आणि पत्र्याची पेटी घेतली जाईल, उंदीर पुन्हा येऊ नये म्हणून. आत डांबराच्या गोळ्या ठेवा, पण सुरांवर नाही, कोपऱ्यात कापडात बांधून. वाजवून झालं की स्टॉपर बंद करायचे आणि भाता मिटवून कडी लावायची. भाता उघडा राहिला की घड्या सैल पडतात. फाटला तर चिकटपट्टी लावू नका. ती निघताना कापड घेऊन निघते, आणि नुसत्या ठिगळाचं काम अख्ख्या भात्यावर जातं.

एक सूचना सगळ्यांनाच. दुरुस्ती पावसाच्या आधी करून घ्या. ओल्या हवेत गोंद लवकर सुकत नाही, चामडं फुगतं, आणि घाईत केलेला भाता श्रावणात सुटतो. त्या ताईंची पेटी ज्येष्ठात परत आली. परवा त्यांनी पुन्हा फोन लावला आणि पुन्हा पेटीजवळ धरला. काळी चारचा सूर लख्ख होता. तीन नवे सूर जुन्यांपेक्षा जरा तीक्ष्ण वाजतात, ते मला लगेच कळलं. त्यांनाही कळलं होतं. कारागीर आषाढीनंतर एकदा येऊन बघणार आहे, आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत हेही त्यांनी त्याच्याकडून लिहून घेतलंय.